नाव पुकारलं तेव्हा मी तिथंच होते

जिल्ह्याच्या रोजगार केंद्रात मी पहिल्यांदा गेले ती २०२२ च्या जुलैमध्ये. बीकॉमचा निकाल नुकताच लागला होता. आई झेरॉक्स काढायला खाली गेली होती आणि मी खिडकीसमोरच्या बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. माझ्यानंतर आलेली चार-पाच मुलं काम उरकून निघून गेली, तरी माझी पाळी येईना. आई परत आली, थोडा वेळ थांबली आणि मग खिडकीशी जाऊन विचारून आली. तिचा चेहरा बघूनच मला कळलं. लिपिकांनी माझं नाव दोनदा पुकारलं होतं. कुणी उठलं नाही म्हणून माझा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी गेला होता.

खिडकीपासून मी दहा फुटांवर होते.

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. चार वर्षांची असताना घरच्यांच्या लक्षात आलं, सहाव्या वर्षापासून मशीन लावते. मशीन लावलेलं असलं, बोलणारा माणूस समोर असला आणि त्याच्या तोंडावर उजेड असला की मला जवळपास सगळं कळतं. पाठीमागून, काचेआडून, मास्कमधून किंवा फोनवर बोललेलं फारसं काही कळत नाही. लोकांना हे पटायला जड जातं. "आत्ता तर छान बोलत होतीस की!" असं म्हणतात, आणि मान वळवून पुढचं वाक्य बोलतात.

पुढची तीन वर्षं मी नोकरीसाठी या सरकारी वाटेनं चालले. आता मला काही मुलामुलींचे आणि त्यांच्या आईवडिलांचे मेसेज येतात, 'नोंदणी करून काही उपयोग होतो का?' याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

नोंदणीच्या आधी प्रमाणपत्र. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, पोर्टलवरूनच मिळतं. अर्ज ऑनलाइन करायचा, तपासणीला सरकारी रुग्णालयात जायचं आणि मग अठरा अक्षरी क्रमांकाचं कार्ड येतं. माझ्याकडे शाळेच्या वेळचं जुनं प्रमाणपत्र होतं, पण नव्यासाठी पुन्हा तपासणी सांगितली.

त्या तपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण याविषयी कुणी बोलत नाही. आवाज आत येऊ नये अशी एक छोटी खोली असते. कानाला हेडफोन लावतात, हातात बटण देतात. बारीक शिट्टीसारखा आवाज आला की बटण दाबायचं. मी सहा वर्षांची असल्यापासून अशा खोल्यांमध्ये बसत आले आहे आणि दर वेळी जीव एकवटून ऐकत आले आहे. 'या वेळी जास्त ऐकू आलं' असं डॉक्टरांनी म्हणावं, आईनं हसावं, एवढंच तेव्हा डोक्यात असायचं. आता मात्र त्याच खोलीत माझ्या मनात ४० हा आकडा होता. ४० टक्क्यांच्या खाली गेले तर आरक्षण नाही. हातातलं बटण दाबताना मी खरं तेच केलं, पण त्या दहा मिनिटांत मला स्वतःचीच लाज वाटली. कमी ऐकू यावं असं वाटणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. कुठल्याच मुलीवर ही वेळ यावी असं मला वाटत नाही, आणि यावर उपाय काय तेही मला सुचत नाही. मोजायचं तर रेघ कुठंतरी ओढावीच लागणार.

नंतर बेरा तपासणी झाली. त्यात डोक्याला तारा लावून तुम्हाला निपचित पडायला सांगतात आणि आवाजाला मेंदूकडून काय उत्तर येतं ते यंत्रच नोंदवतं. दोन्ही कानांचे आकडे एकत्र करायची पद्धतही मला तिथल्या ऑडिओलॉजिस्ट ताईंनी कागदावर लिहून दाखवली. चांगल्या कानाच्या टक्केवारीला पाचनं गुणायचं, त्यात दुसऱ्या कानाची टक्केवारी मिळवायची आणि सहानं भागायचं. म्हणजे एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला असेल, तर टक्केवारी फार कमी येते. माझे ४७ आले.

माझ्या आधी एक मुलगा होता, बारावी झालेला. त्याचे ३८ आले. तो आणि त्याचे वडील जिन्यावर किती तरी वेळ नुसते उभे होते. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण देतो ते ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना, हे खरं आहे. पण त्याच कायद्याचं विसावं कलम, म्हणजे नोकरीत भेदभाव करायचा नाही आणि कामावर वाजवी सोय द्यायची, हे ४० च्या रेघेला बांधलेलं नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर जिन्यावर थांबून त्याला सांगितलं असतं.

आता पुन्हा त्या बाकावर येते. लिपिकांनी अर्ज वर काढला आणि प्रश्न सुरू झाले. "हिचं शिक्षण किती?" "हिला कम्प्युटर येतो का?" "ही एकटी राहू शकेल का?" सगळे प्रश्न आईला. मी एमएस-सीआयटी केलेली, मराठी ३० आणि इंग्रजी ४० ची टायपिंगची परीक्षा पास झालेली. मी उत्तर दिलं की ते ऐकून घ्यायचे आणि पुढचा प्रश्न पुन्हा आईकडे बघून विचारायचे. त्यात दुष्टावा अजिबात नव्हता. जाताना त्यांनी आईला सांगितलं, "काळजी करू नका ताई, होईल काही तरी." पण तासाभरात ते माझ्याशी एक वाक्य बोलले नव्हते.

नोंदणी झाली. आधार, ओटीपी, शिक्षण, कौशल्यं, दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी. मोबाइल क्रमांकाचा रकाना होता. पण 'फोन करू नका, मेसेज करा' असं लिहायला कुठंच जागा नव्हती. तेव्हा मला ते किरकोळ वाटलं.

बाबा खूश होते. त्यांच्या तरुणपणी एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं कार्ड म्हणजे मोठी गोष्ट. ते जपून ठेवायचं, तारीख आली की जाऊन नूतनीकरण करून आणायचं आणि 'कॉल' यायची वाट बघायची. कॉल म्हणजे पत्र; अमुक कार्यालयात मुलाखतीला या, असं. बाबांना असे दोन कॉल आले होते, त्यांच्या तारखा त्यांना अजून पाठ आहेत. त्यामुळे माझ्या नोंदणीनंतर ते रोज संध्याकाळी विचारायचे, "आला का?"

कॉल का येत नाही हे मला नंतर समजलं. तेव्हा जो १९५९ चा कायदा लागू होता, त्यात सरकारी कार्यालयांनी आणि २५ किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी आपली रिक्त पदं केंद्राला कळवायची होती. कळवायची, एवढंच. तिथूनच माणूस घ्या असं बंधन कायद्यात नव्हतं. शिवाय १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसती केंद्राकडून नावं मागवून भरती करणं पुरेसं नाही, जाहिरातही द्यायला हवी. ते योग्यच झालं. ज्याचं नाव यादीत नाही त्यालाही संधी मिळायला हवी. पण त्यामुळे बाबांच्या वेळचा कॉल हळूहळू संपला. आता नोंदणी म्हणजे दार उघडायची किल्ली एवढंच समजावं: मेळाव्यांची माहिती, प्रशिक्षणाच्या योजना, खासगी कंपन्यांच्या जागा, समुपदेशन. सरकारी भरतीचा अर्ज वेगळा आणि तो आपला आपणच भरायचा. नोंदणी झाल्या दिवशी कुणी तरी हे दोन मिनिटांत सांगितलं असतं, तर आमच्या घरचे सहा महिने वाट बघण्यात गेले नसते.

मग खरोखरचे कॉल आले, आणि तेच माझ्या हातून गेले.

२०२३ च्या सुरुवातीला एका खासगी कंपनीनं केंद्राकडून हिशेबाच्या कामासाठी नावं घेतली. माझंही नाव गेलं. त्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर एका अनोळखी क्रमांकावरून चार वेळा फोन आला. दोनदा मी उचलला. पलीकडून बाईचा आवाज होता, एवढंच कळलं. मी म्हणाले, "मला ऐकू कमी येतं, प्लीज मेसेज करा." मेसेज आला नाही. तिसऱ्या वेळी मी धावत आईकडे नेईपर्यंत फोन बंद झाला. मी त्या क्रमांकावर तीन मेसेज टाकले. बहुधा तो कार्यालयातला लँडलाइन असावा. महिन्याभरानं केंद्रात चौकशीला गेले तेव्हा यादीत माझ्या नावापुढे शेरा होता: 'उमेदवार प्रतिसाद देत नाही.'

तो शेरा मी पुन्हा पुन्हा वाचला. त्याच यादीत, त्याच ओळीत, दोन रकाने डावीकडे लिहिलेलं होतं: श्रवणदोष, ४७ टक्के.

त्या दिवशी मी एकटीच गेले होते, हे बरं झालं. रडू येत होतं आणि आई बरोबर असती तर आम्ही तशाच घरी परतलो असतो. शिपाई मामांनी मला बघून आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथं मार्गदर्शन अधिकारी मॅडम बसत. पिशवीत माझी एक वही असते. त्यातल्या पानावर मी लिहिलं, 'मला कमी ऐकू येतं. समोर बघून बोललात तर कळेल.' त्यांनी वाचलं. खिडकीकडे पाठ करून त्या बसल्या होत्या, त्यामुळे त्यांचा चेहरा अंधारात होता. त्या उठल्या, खुर्ची उचलून टेबलाच्या माझ्या बाजूला आणली, उजेडात बसल्या आणि म्हणाल्या, "आता कळतंय का? की लिहू?"

तोवर कुठल्याच सरकारी कार्यालयात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पाऊण तास आम्ही बोललो. त्यांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, माझ्या बायोडाटाच्या अगदी वर, नावाच्याही आधी, ठळक ओळ टाकायला लावली: 'कृपया मेसेज किंवा ईमेल करावा, फोनवर बोलता येणार नाही.' मी आईचा क्रमांक देणार होते. त्या नको म्हणाल्या. "एकदा का ते आईशी बोलायला लागले की मुलाखत आईचीच होते," असं त्यांनी वहीत लिहिलं. ते पान मी ठेवलं आहे. दुसरी, केंद्राकडून कंपनीला जाणाऱ्या यादीत शेऱ्याच्या जागी तीच ओळ त्या स्वतः टाइप करू लागल्या. पोर्टलला रकाना नव्हता, पण माणसाला वाटलं तर जागा काढता येते. तिसरी, त्यांनी मला मुंबईच्या नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर फॉर डिफरंटली एबल्डचा पत्ता दिला.

ही केंद्रं केंद्र सरकारच्या कामगार मंत्रालयाची. जुने लोक अजून त्यांना व्हीआरसी, म्हणजे व्होकेशनल रिहॅबिलिटेशन सेंटर, म्हणतात. तिथं नोकरीची यादी हातात मिळेल म्हणून जाऊ नका. तिथं मूल्यमापन होतं, म्हणजे तुम्हाला कुठलं काम जमेल आणि कशा रीतीनं जमेल ते पाहतात. मानसशास्त्रज्ञ बोलतात, हातानं करायची कामं देतात, वेग आणि अचूकता बघतात. मला असल्या चाचण्यांची भीती होती, कारण आयुष्यभर माझ्या चाचण्या म्हणजे काय येत नाही त्याच्या. इथं सरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या बाजूनं बोललेलं जास्त कळतं?" मग माझ्या उजवीकडे खुर्ची घेतली. दुसरा प्रश्न होता, "काम करताना वेळ कसा गेला ते कळत नाही, असं काय करताना होतं?"

मी गप्प झाले. आजवर प्रत्येक अर्जात मी एकच लिहीत आले होते: फोनचं सोडून कोणतंही काम चालेल. आवडतं काय, हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. खूप वेळानं मी म्हणाले, "ताळा लावायला." कॉलेजात दोन खात्यांचा मेळ बसत नसला की मैत्रिणी माझ्याकडे वह्या आणायच्या. चुकलेला आकडा सापडेपर्यंत मला उठवत नसे. सरांनी दोनशे नोंदींचे दोन तक्ते दिले आणि फरक शोधायला सांगितले. अहवालात त्यांनी लिहिलं ते थोडक्यात असं: लेखा, नोंदी आणि पडताळणीच्या कामाला योग्य, समोरासमोर आणि लेखी संवाद उत्तम, दूरध्वनीचं काम बदलून द्यावं. मी काय करू शकते हे सरकारी शिक्क्यासह लिहिलेला तो माझा पहिला कागद.

रोजगार मेळाव्याबद्दल फार लिहीत नाही. मोठं सभागृह, स्टेजवर लाउडस्पीकर, शेकडो मुलं. मशीन सगळेच आवाज मोठे करतं, त्यामुळे मला नुसता गोंगाट ऐकू येत होता. एका स्टॉलवर बायोडाटा न वाचताच सांगितलं गेलं, "दिव्यांगांसाठी आमच्याकडे पॅकिंग आहे." पॅकिंग हलकं काम आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण माझ्या शेजारी उभा असलेला, एका पायानं अधू मुलगा इंजिनिअर होता, आणि त्यालाही पॅकिंगच सांगितलं. दुसऱ्या एका ठिकाणी बाईंनी अतिशय आपुलकीनं खुणा करायला सुरुवात केली. मला सांकेतिक भाषा येत नाही. माझ्यासारखी बोलून आणि ओठ वाचून वाढलेली मुलं वेगळी, सांकेतिक भाषेत वाढलेली वेगळी. दोघांच्या गरजाही वेगळ्या. त्या भाषेत वाढलेल्यांना दुभाषा हवा, मला उजेड आणि शांतता हवी. मेळाव्याच्या दिवशी सकाळचा पहिला तास लाउडस्पीकर बंद ठेवून आमच्यासाठी राखावा, असा अर्ज मी मॅडमकडे दिला. पुढच्या मेळाव्यात अर्धा तास मिळाला. त्या अर्ध्या तासात माझ्या दोन नीट मुलाखती झाल्या. निवड झाली नाही, पण न ऐकल्यामुळे नाही. हा फरक माझ्यासाठी फार मोठा होता.

२०२४ मध्ये राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. १८ ते ३५ वयाच्या नोंदणीकृत उमेदवारांना सहा महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव, आणि पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन, थेट खात्यात. मी रोजगाराच्या पोर्टलवर अर्ज केला आणि एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत रुजू झाले. इथं पहिली नोंदणी उपयोगी पडली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पहिल्या आठवड्यात माझ्यासमोर फोन ठेवला गेला. सगळ्या नव्या मुलांना आधी फोनवरच बसवतात. मी कार्यासनाच्या साहेबांना मुंबईचा अहवाल दाखवला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "मग फोनचं काय करायचं?" माझ्या शेजारी एक मुलगा होता, बोलका, पण आवक-जावक नोंदवहीनं टेकीला आलेला. मी म्हणाले, माझे फोन आणि याची टपालाची नोंद अशी अदलाबदल करू या. साहेबांनी लगेच हो म्हटलं. त्याला ना पैसे लागले, ना आदेश. सहा महिन्यांत मी जुन्या देयकांचा ताळा लावला, नस्त्यांना क्रमांक दिले, टिप्पणी लिहायला शिकले. बैठकीत मात्र मला काही कळायचं नाही. आठ माणसं एकदम बोलतात, कोण बोलतंय हे शोधेपर्यंत वाक्य संपलेलं असतं. शेवटच्या दोन महिन्यांत साहेब बैठकीच्या आधी विषयसूची माझ्या हातात द्यायला लागले आणि त्या मुलाला माझ्यासमोर बसवून मुद्दे लिहायला सांगू लागले. एवढ्यानं माझं निम्मं काम भागायचं.

याच काळात मी सरकारी भरतीच्या जाहिराती वाचायला शिकले. हे शिकावंच लागतं. ४ टक्क्यांचे चार वाटे असतात. अंध आणि अल्पदृष्टी १, कर्णबधिर आणि ऐकू कमी येणारे १, हालचालीशी संबंधित १ (यात सेरेब्रल पाल्सी, बरे झालेले कुष्ठरोगी, ठेंगूपणा, आम्लहल्ल्यातले पीडित, मस्क्युलर डिस्ट्रॉफी येतात), आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांना मिळून १. १९९५ च्या कायद्यात हे सगळं ३ टक्क्यांत होतं आणि शेवटच्या गटातल्या बहुतेकांना त्यात जागाच नव्हती. जाहिरातीत पदासमोर अक्षरं येतात: डी म्हणजे कर्णबधिर, एचएच म्हणजे ऐकू कमी येणारे, एलव्ही म्हणजे अल्पदृष्टी, ओएल म्हणजे एक पाय, ओए म्हणजे एक हात. आपल्या गटाचं अक्षर त्या पदासमोर नसेल तर आरक्षणाचा दावा तिथं टिकत नाही. हे न बघता मी आधी दोन ठिकाणी शुल्क भरून बसले होते.

आणखी एक शब्द शोधायचा तो 'अनुशेष'. आरक्षित जागेला योग्य उमेदवार मिळाला नाही तर ती जागा पुढच्या भरतीच्या वर्षात न्यायची, तेव्हाही मिळाला नाही तर दिव्यांगांच्याच दुसऱ्या गटाला द्यायची, आणि त्यानंतरच इतरांना, असं कायदा सांगतो. म्हणून काही जाहिरातींत आपल्या गटाच्या जागा अपेक्षेपेक्षा जास्त दिसतात. राज्यात दिव्यांग उमेदवाराला वयाची मर्यादा ४५ वर्षांपर्यंत आहे, हेही पुष्कळांना माहीत नसतं आणि तिशी ओलांडली की मुलं अर्ज करायचं सोडून देतात.

परीक्षेला लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं वाढीव वेळ मिळतो तो ज्यांना लिहिण्यात अडचण आहे त्यांना. मला तो लागत नाही, मी मागितलाही नाही. मला हवी होती ती एकच गोष्ट: परीक्षागृहात तोंडी दिलेल्या सूचना लिहून मिळाव्यात. आठ दिवस आधी ईमेल केला, उत्तर आलं नाही. परीक्षेच्या सकाळी तोच ईमेल छापून नेला आणि पर्यवेक्षकांच्या हातात दिला. त्यांनी फळ्यावर वेळ आणि सूचना लिहिल्या. मागच्या बाकावरच्या चांगल्या ऐकू येणाऱ्या दोघांनीही त्या फळ्यावरूनच उतरवून घेतल्या, हे मी मुद्दाम बघितलं.

२०२५ मध्ये निवड यादीत माझं नाव आलं. कनिष्ठ लिपिक, समांतर आरक्षणातून, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या राखीव जागेवर. बाबांनी यादी मोबाइलवर मोठी करून तीनदा वाचली आणि मग मला विचारलं, "हा कॉलच म्हणायचा ना?"

नियुक्तीच्या आधी प्रमाणपत्राची फेरपडताळणी झाली. बोगस प्रमाणपत्रांच्या बातम्या आल्यापासून ती कडक झाली आहे आणि व्हायलाच हवी, कारण खोट्या कागदावर गेलेली प्रत्येक जागा आमच्यातल्याच कुणाची तरी असते. पण वैद्यकीय मंडळासमोर बसल्यावर एका डॉक्टरांनी माझी पाठ वळलेली असताना माझं नाव मोठ्यानं घेतलं, मी वळते का ते बघायला. मी वळले नाही. आईनं नंतर सांगितलं तेव्हा कळलं. मला ते फार लागलं. बेरा तपासणी त्याचसाठी असते आणि ती माझी अर्ध्या तासापूर्वीच झाली होती. एखाद्यावर संशय घ्यायचा हक्क मंडळाला असेल, पण पाठीमागून हाक मारून बघणं ही तपासणी नव्हे. तसं मी मंडळाला लेखी कळवलं आहे. मोजून सहा ओळी लिहिल्या, एकही कडक शब्द वापरला नाही.

रुजू होऊन आता पाच महिने झाले. रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी वाजवी सोयींसाठी अर्ज दिला. चार मागण्या होत्या: टेबल दाराकडे तोंड करून हवं, म्हणजे येणारा माणूस दिसेल; फोनचं काम बदलून द्यावं; बैठकीची विषयसूची आधी मिळावी; आणि आग लागल्याची घंटा वाजते तिथं लुकलुकणारा दिवा बसवावा. पहिल्या दोन त्याच आठवड्यात झाल्या. तिसरी कधी होते, कधी राहते. चौथीला अजून उत्तर नाही. २०१६ च्या कायद्याच्या तेविसाव्या कलमानुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो आणि आलेल्या तक्रारींची नोंदवही ठेवायची असते. आमच्याकडे तो अधिकारी कोण, हे सांगायला तीन टेबलं फिरावी लागली. शेवटी नाव मिळालं. नोंदवही मात्र नव्हती, ती माझ्या तक्रारीसाठी नवी घातली. पहिल्या पानावर पहिला क्रमांक माझा आहे.

गेल्या सोमवारी मार्गदर्शन अधिकारी मॅडमचा मेसेज आला. त्यांच्याकडे एक मुलगी आली आहे, वाणिज्य शाखेची, तिला काहीच ऐकू येत नाही, सांकेतिक भाषा येते. तिला माझ्याशी बोलायचंय. मी मॅडमना विचारलं की तिला लिहून बोललेलं चालेल का, की दुभाषा लागेल. त्यांनी तिलाच विचारून कळवलं: दुभाषा हवा. जवळच्या कर्णबधिर शाळेतल्या शिक्षिका शनिवारी यायला तयार आहेत. अकराची वेळ ठरली आहे, केंद्राच्या आतल्या खोलीत. मॅडम म्हणाल्या, खुर्च्या त्या आधीच खिडकीच्या उजेडाकडे लावून ठेवतील.